बुडालेले दुकान आणि पेठेची पत



या व्याख्यानमालेत आजवर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. त्या मानाने माझे शिक्षण फार तोकडे आहे. मी नववीत शाळा सोडली. पुढे जे काही वाचन झाले, ते चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, हमाली आणि सभा यांतून उरलेल्या वेळात झाले. १८६४ साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत पाणी शिरले, आणि ज्या पुस्तकांनी माझ्यासारख्याला शहाणे केले त्यांतली कितीतरी चिखलात गेली. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, त्यात पुस्तकातले थोडे आणि चिखलातले जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

विषय आहे, पुरात बुडालेले एखादे घरगुती दुकान पुन्हा कसे उभे राहते, आणि ते उभे राहावे म्हणून भोवतालच्या लोकांनी काय करायचे असते. चिटणीसांनी हा विषय सुचवला तेव्हा मला हसू आले. माझे सारे आयुष्य दुकानदारांशी भांडण्यात गेले. दुकानातल्या नोकरांना किमान वेतन द्या, आठवड्याची सुट्टी द्या, दिवाळीचा बोनस द्या, यासाठी मी पेठेतल्या ओट्याओट्यावर उभा राहून घोषणा दिल्या आहेत. अशा माणसाने दुकानदाराची बाजू मांडायची म्हणजे मांजराने दुधाची राखण करण्यासारखे आहे, असे कोणी म्हणाले तर मी रागावणार नाही. पण थोडे ऐकून घ्या.

वाण्याची वही

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पुढाऱ्यांविषयी लिहिले गेले, सरकारविषयी लिहिले गेले, मालकांविषयी लिहिले गेले. पण पगार बंद असताना अडीच लाख कुटुंबे जेवली कशी, या साध्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी गिरणगावातल्या वाण्यांच्या उधारीच्या वह्यांत आणि खानावळींच्या खात्यांत होते.

आमच्या चाळीखालच्या वाण्याने आम्हांला आठ महिने उधारीवर धान्य दिले. तो काही संत नव्हता. वजनात त्याचा काटा थोडा त्याच्याच बाजूला झुकतो, असे आई म्हणत असे. पण त्याने वही बंद केली नाही. १९८३ साली आम्ही गावी परतलो. वडिलांनी त्याचे देणे मनिऑर्डरने थोडे थोडे पाठवून १९८५ साली पुरे केले. शेवटच्या मनिऑर्डरीची पावती आईने देवघरात ठेवली होती. पुढे मी मुंबईला गेलो तेव्हा त्या दुकानाची फळी बंद होती. शेजारी म्हणाले, ज्यांच्याकडून येणे होते ती माणसे गावोगाव पांगली, घाऊक व्यापाऱ्यांनी माल थांबवला, आणि दुकान मिटले. आम्ही त्याचे पैसे फेडले हे खरे. पण उशिरा फेडले. वेळेवर न आलेला पैसा दुकानदाराच्या दृष्टीने बुडालेल्या पैशापेक्षा फारसा वेगळा नसतो, हे मला त्या बंद फळीपुढे समजले.

२२ जुलै २०२१

आता चिपळूणकडे येऊ. वाशिष्ठी ही सह्याद्रीत उगम पावून थोड्याच अंतरात खाडीला मिळणारी नदी. घाटात पडलेला पाऊस काही तासांत गावात येतो. कोयनेच्या वीजघरांतून उतरणारे पाणीही कोळकेवाडीमार्गे याच नदीत येते. आणि खाडीला भरती असली की पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही. २००५ सालचा पूर आम्ही मोठा समजत होतो. २२ जुलै २०२१ रोजी, गुरुवारी, पहाटेच्या अंधारात जे पाणी चढले, त्याने तो हिशेब मोडला. बाजारपेठेतील तळमजले छतापर्यंत भरले. त्याच दिवशी महाडही सावित्रीच्या पाण्यात होते.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने वेळ याहून वाईट असू शकत नव्हती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दुकाने कितीतरी दिवस बंद होती. निर्बंध सैल होऊ लागले म्हणून सर्वांनी गणपतीच्या हंगामाचा माल भरायला घेतला होता. त्या वर्षी चतुर्थी १० सप्टेंबरला होती. म्हणजे बरोबर ५० दिवस उरले होते. कोकणात चाकरमानी गणपतीला येतात, त्या दहापंधरा दिवसांत पेठेची वर्षाची बरीच कमाई होते. तो माल उधारीवर घेतलेला होता, आणि तो पाण्यात गेला.

आमच्या युनियनच्या कचेरीसमोर एक किराणा दुकान आहे. तिसरी पिढी चालवते. दुकानदाराला मी काका म्हणतो, आणि ते मला "काय पुढारी?" म्हणतात. त्यांच्याशी माझे १९९८ साली दोन नोकरांच्या पगारावरून कडाक्याचे भांडण झाले होते. त्यानंतर तीन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिथे गेलो, तेव्हा काका पायरीवर बसले होते आणि काकू आत उधारीची वही सुकवत होत्या. एकेक पान सुटे करून दोरीवर टाकलेले. जेलपेनने लिहिलेले सगळे वाहून गेले होते. जुन्या बॉलपेनचे तेवढे वाचता येत होते. काका म्हणाले, "माल गेला त्याचे काही नाही हो पुढारी. कोणाकडून किती येणे आहे तेच आता मला ठाऊक नाही."

या वाक्यात दुकानाचे सगळे अर्थशास्त्र आहे. ते जरा आकड्यांनी समजून घेऊ.

दुकान म्हणजे काय?

आपल्याला फळीवर माल दिसतो आणि आपण समजतो, हे दुकानदाराचे धन. प्रत्यक्षात त्यातला पुष्कळसा माल दुसऱ्याचा असतो. उदाहरणासाठी एक मध्यम दुकान घ्या. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. दुकानात ८ लाखांचा माल आहे. गिऱ्हाइकांकडून दीड लाख उधारी येणे आहे. म्हणजे एकूण साडेनऊ लाख. आता देणे पाहा. घाऊक व्यापाऱ्यांचे ३ लाख, बँकेच्या कॅश क्रेडिटचे अडीच लाख. एकूण साडेपाच लाख. उरले ४ लाख. हे दुकानदाराचे खरे स्वतःचे भांडवल.

पूर आला. ८ लाखांचा माल गेला. पण देणे गेले नाही. पाणी मालावर चढते, कर्जावर चढत नाही. आता येणे दीड लाख आणि देणे साडेपाच लाख. काल ४ लाखांचा धनी असलेला माणूस आज ४ लाखांनी कर्जबाजारी आहे. त्यातही उधारीची वही भिजली असेल तर ते दीड लाखही हवेत.

यावर सरकारी मदत किती? ३ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि टपरीधारकाला १० हजार रुपये होते. मी ही रक्कम हिणवत नाही. टपरीवाल्याला दहा हजार हा मोठा आधार असतो. पण ४ लाखांच्या खड्ड्यात ५० हजारांची माती टाकली तर खड्डा भरत नाही, हे सांगायला पंडित लागत नाही.

शिवाय एक बारीक काटा आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळते; पण माल नष्ट झाला तर त्या मालावरची वजावट मिळत नाही, आधी घेतली असेल तर ती परत करावी लागते. वाहून गेलेल्या साबणावरही असा कर पडतो. बहुतेक लहान दुकानदारांना हे वर्षअखेरीला कळते.

पहिले आठ दिवस

पुराचा गाळ ओला आहे तोवर फावड्याने निघतो. तीनचार दिवस ऊन लागले की तो सिमेंटसारखा धरतो आणि पहारीने फोडावा लागतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातला एक माणूस पुढच्या महिन्यातल्या पाच माणसांच्या तोडीचा असतो. चिपळूणला त्या दिवसांत बाहेरगावाहून पोरे आली, इतर महापालिकांची सफाई पथके आली. ती मदत मी विसरणार नाही.

पण घाईतही एक काम आधी करावे लागते. माल फेकण्यापूर्वी त्याचा पुरावा ठेवावा लागतो. पंचनामा झालेला नाही, विम्याचा सर्वेक्षक आलेला नाही, आणि दुकान धुऊन स्वच्छ केले, तर नुकसान सिद्ध कशाने करणार? उलट, पंचनाम्याची वाट पाहत सडलेले धान्य आत ठेवले तर रोगराई. यातून वाट अशी: दोघांनी उपसायचे, एकाने मोजून लिहायचे, एकाने मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे. पोती किती, डबे किती, कोणता माल. त्या यादीवर शेजारच्या दोघांनी सही करायची. फावडे धरणारे शंभर मिळतात; यादी लिहिणारा एक मिळत नाही. आपल्या गावातल्या शिक्षकांनी, निवृत्त कारकुनांनी, महाविद्यालयातल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे, असे माझे हात जोडून सांगणे आहे.

काय वाचवायचे आणि काय फेकायचे, यातही शहाणपण हवे. भांडी, कुलपे, लोखंडी सामान धुऊन कमी भावात विकता येते. कापड धुतले तर काही अंशी विकले जाते. पण पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ, मसाला, औषध काही झाले तरी विकायचे नाही. त्या पाण्यात गटारे असतात. गरीब गिऱ्हाईक स्वस्त म्हणून घेईल. म्हणूनच ते विकणे पाप आहे. आणि बिघडलेला काटा दुरुस्त केल्यावर वैधमापन खात्याचा शिक्का पुन्हा घ्यावा लागतो, हेही दुकानदाराला आठवण करून द्यावे लागते. लालबागच्या वाण्याची आठवण असलेल्या माझ्यासारख्याला तर द्यावीच लागते!

युनियनची सभा

चिखल उपसायला माणसे आमची. हमाल, टेंपोवाले, दुकानांतले नोकर. चौथ्या दिवशी सभा घेतली. एक तरुण सभासद उठला आणि म्हणाला, "पगार वाढवा म्हटले तेव्हा शेठ म्हणाले, धंदा नाही. आता त्यांच्या दुकानातला चिखल आम्ही फुकट उपसायचा? आमच्या घरातला कोण उपसणार?" सभेत टाळ्या पडल्या. मीही मनातल्या मनात वाजवली. कारण तो खरे बोलत होता. मदत दुकानाला जाते तेव्हा ती मालकाच्या नावाने जाते. मी पाहिलेल्या पंचनाम्यांत घर होते, दुकान होते, टपरी होती. पण दुकान बंद पडल्यामुळे ज्याचा पगार बुडाला, त्या नोकरासाठी रकाना नव्हता. त्याचे घर डोंगरावर कोरडे असले तर तो पूरग्रस्तच नव्हे! कायद्याचीही कथा तशीच. महाराष्ट्राचा २०१७ सालचा दुकाने व आस्थापनांचा कायदा तेव्हा मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. दोन नोकरांच्या दुकानाला केवळ नोंद कळवायची असते.

मग मी त्या सभेत वाण्याच्या वहीची गोष्ट सांगितली. आणि विचारले, हे दुकान मिटले तर तुझ्या घरी महिनाअखेरीला उधारीवर तांदूळ कोण देईल? मोबाइलवरून साबण मागवता येतो; पण "पगार झाला की देतो" हे त्या मोबाइलला सांगता येते का? दोन तास चर्चा झाली आणि तीन गोष्टी ठरल्या.

पहिली: आधी सभासदांची घरे साफ होतील, मग दुकाने, आणि आठ दिवस हे काम श्रमदान म्हणून होईल. दुसरी: नवव्या दिवसापासून काम म्हणजे पगार. मालकाकडे रोकड नसेल तर अर्धा पगार आता, अर्धा दिवाळीनंतर. पण तो कागदावर लिहून, सहीनिशी. तिसरी: प्रत्येकाने आपण ज्या दुकानाचे देणे आहोत तिथे स्वतः जाऊन आपला आकडा सांगायचा.

दुसऱ्या ठरावावर काकांना राग आला. "माझ्यावर विश्वास नाही?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "काका, विश्वास आहे म्हणूनच लिहून घेतो. विश्वास नसता तर रोख मागितली असती." त्यांनी सही केली. दिवाळीनंतर त्यांनी उरलेला पगार दिला, दोन हप्त्यांत दिला, पण दिला. मदतीच्या नावाखाली नोकराची मजुरी बुडवणे ही माणुसकी नव्हे. बुडालेल्या दुकानाचे ओझे त्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाने वाहायचे, ही जुनीच रीत होईल.

तिसऱ्या ठरावाचे काय झाले? लोक येऊ लागले. एक मावशी आल्या, मासे विकतात. म्हणाल्या, "माझे अकराशे चाळीस हायत. लिवा." काकूंनी नव्या वहीत पहिले नाव त्यांचे लिहिले. सगळे आले असे मी म्हणणार नाही. निम्म्याहून थोडे अधिक आले असतील. काहींनी आकडा कमी सांगितला, असे काका म्हणतात. पण काहींनी वहीत उरलेल्या आकड्यापेक्षा जास्त सांगितला, हेही तेच म्हणतात.

मदत म्हणजे वेळ

आता पुन्हा त्या उदाहरणाच्या दुकानाकडे चला. समजा, सगळे चांगले जमले. गिऱ्हाइकांनी दीड लाखांची उधारी आणून दिली. सरकारचे ५० हजार आले. पेठेतल्या ६० घरांनी प्रत्येकी दोन हजार रुपये आगाऊ दिले, सहा महिन्यांत त्याचा माल घेण्याच्या बोलीवर. ते झाले १ लाख २० हजार. घाऊक व्यापारी जुन्या तीन लाखांसाठी थांबले आणि त्यांनी दीड लाखाचा नवा माल उधार दिला. बेरीज ४ लाख ७० हजार. त्यातून फळ्या, वीज, रंग, काटा यांची दुरुस्ती ७० हजार. दुकानात ४ लाखांचा माल उभा राहिला. अर्धे दुकान उघडले!

फटाके वाजवण्यापूर्वी देणे मोजा. घाऊक व्यापाऱ्यांचे आता साडेचार लाख, बँकेचे अडीच लाख, गिऱ्हाइकांचे आगाऊ १ लाख २० हजार. एकूण ८ लाख २० हजार. माल ४ लाखांचा. म्हणजे दुकानदार अजून ४ लाख २० हजारांनी खाली आहे. एवढी सगळी मदत होऊनही त्याचे नुकसान एका रुपयाने भरून आले नाही. उलट दुरुस्तीमुळे थोडे वाढले.

मग या मदतीचा उपयोग काय? उपयोग असा की दुकान उघडे आहे. उघडे दुकान महिन्याला घर चालवून दहा हजार मागे टाकू शकले, तर वर्षाला १ लाख २० हजार होतात आणि साडेतीन वर्षांत तो खड्डा भरतो. बंद दुकानाचा खड्डा कधीच भरत नाही. लोकांनी दुकानदाराला पैसा दिलेला नसतो, वेळ दिलेला असतो. आणि म्हणूनच ही मदत आठ दिवसांची नसते, साडेतीन वर्षांची असते. छायाचित्रे पहिल्या आठवड्यात निघतात. दुकाने पुष्कळदा दुसऱ्या वर्षी मिटतात, जेव्हा घाऊक व्यापाऱ्याचा धीर सुटतो, बँकेचे पत्र येते, आणि आपण विसरून गेलेलो असतो.

उधारी ही चांगली गोष्ट आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली विणकरांनी आणि इतर कामकऱ्यांनी सहकारी दुकान काढले, तेव्हा त्यांनी रोखीच्या व्यवहाराचा नियम केला. कारण त्याच गावातले आधीचे सहकारी दुकान उधारीमुळे बुडाले होते. उधारी हे औषध आहे. आजारात घ्यावे, रोज घेऊ नये. पूर नसताना ज्याने उधारी वेळेवर फेडली, त्यालाच पुराच्या वेळी दुकानदार "थांब" म्हणत नाही. आणि दुकानदार बुडाला तर तोच पहिला धावतो.

मदतीतल्या चुका

आम्ही केलेल्या चुकाही सांगतो. पहिली चूक फुकट धान्याची. पहिल्या आठवड्यात घरोघर चूल बंद असते, तेव्हा शिधा वाटलाच पाहिजे. पण ती वाटणी चालूच राहिली. तिकडे पेठेत दोन किराणा दुकाने कशीबशी उघडली आणि इकडे बाहेरगावच्या ट्रकमधून तांदूळ, तेल, साखर फुकट येत होती. दुकानदार मोकळ्या दुकानात बसून राहिले. नंतर आम्ही बाहेरच्या मंडळींना सांगू लागलो, माल आणू नका. तोच शिधा इथल्या उघडलेल्या दुकानांतून विकत घ्या आणि वाटा. एका रुपयाचे दोन काम होतात.

दुसरी चूक आवाजाची. ज्याचे दुकान रस्त्यावर, ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे मदत आधी गेली. गल्लीतला शिंपी मागे राहिला. त्याचे यंत्र तर गेलेच, पण शिवायला आलेले लोकांचे कपडेही गेले. ते नुकसान कोणाचे? कपडे देणाऱ्यांनी "जाऊ दे" म्हटले तर तो वाचला. भरपाई मागितली तर मेला. पेठेत बहुतेकांनी जाऊ दिले. अशी मदत कोणत्याही यादीत येत नाही. तेव्हा गल्लीवार यादी करावी आणि ती सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. वाचून दाखवलेल्या यादीत वशिला फार वेळ टिकत नाही.

तिसरी चूक विम्याची. ती पुराआधीच झालेली असते. पुष्कळ दुकानदारांचा विमा बँकेने कर्जापुरता काढलेला असतो. ८ लाखांच्या मालावर ४ लाखांचा विमा असेल आणि ६ लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी ४ लाख देत नाही. अर्ध्या मालाचा विमा म्हणून अर्धे नुकसान, म्हणजे ३ लाख धरते, आणि तेही आधी बँकेच्या खात्यात जातात. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या नावाची पॉलिसी आली आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे, तीत पुराचा समावेश आहे, आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कंपनी ते धरत नाही. आपल्या पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराने घरी जाऊन पॉलिसीवरचा आकडा आणि गोदामाचा पत्ता पाहावा. माल ज्या गोदामात आहे तो पत्ता पॉलिसीत नसेल, तर ऐन वेळी त्यावरून अडते.

कृष्णाकाठी काय करावे?

आपले हे गाव कृष्णेच्या काठचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेले होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. एका बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा सुदैवी आहात. वाशिष्ठी काही तासांत चढते. कृष्णा दिवसांनी चढते. तुमच्याकडे वेळ असतो. तो वापरण्याची तयारी मात्र उन्हाळ्यात करावी लागते.

तयारी फार अवघड नाही. उधारीच्या वहीचे दर महिन्याला मोबाइलवर छायाचित्र घेऊन ते दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पेठेत ज्याच्याकडे वरचा मजला कोरडा आहे, त्याने कोणत्या दोन दुकानांचा माल ठेवायचा, हे आज ठरवा. ज्या दुकानात एकटी विधवा बाई बसते किंवा म्हातारा माणूस बसतो, तिथे माल उचलायला कोणते चारजण जातील, त्यांची नावे लिहून ठेवा. आणि त्या चौघांत हमाल असतील तर त्यांची मजुरी कोण देणार तेही लिहा. पेठेचा निधी करा. दुकानामागे महिन्याला शंभर रुपये फार नाहीत. पण त्या निधीच्या समितीत दोन जागा नोकर आणि हमाल यांच्या ठेवा. हे मी मागणारच, तो माझा धंदा आहे.

आणि जिथे दोष नदीचा नसून व्यवस्थेचा आहे, तिथे केवळ एकमेकांचे अश्रू पुसत बसू नका. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केले. त्या मंडपात व्यापारीही बसले आणि आमची माणसेही. १९९८ साली मी ज्यांच्या दुकानासमोर घोषणा दिल्या होत्या, त्यांच्याच शेजारी सतरंजीवर बसलो. त्यानंतर गाळ काढण्याचे काम सुरू झाले. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर घरे गेलेल्या लोकांनी सहकारी गृहरचना संस्था काढल्या, त्यांतल्या कितीतरी वसाहती आजही उभ्या आहेत. दयेवर उभे राहिलेले फार दिवस टिकत नाही. एकत्र येऊन मागितलेले आणि एकत्र येऊन बांधलेले टिकते.

काकांचे दुकान चालू आहे. पूर्वीइतके भरलेले नाही. वरच्या फळीवर माल, खालच्या दोन फळ्या पावसाळ्यात रिकाम्या ठेवतात. दोन नोकरांपैकी एकजण मुंबईला गेला. त्याला आम्ही थांबवू शकलो नाही. गेल्या दिवाळीत उरलेल्या नोकराच्या पगारावरून माझे आणि काकांचे पुन्हा भांडण झाले. चांगले तासभर झाले. मग काकूंनी चहा आणला आणि काका म्हणाले, "पुढारी, साखरेचे तीनशे वीस राहिलेत तुमचे."

मी ते त्याच संध्याकाळी नेऊन दिले. तुमचेही कुठे राहिले असतील, तर पावसापूर्वी देऊन टाका.